'देव मानत नाही' आणि 'देव नाही असं मानतो' : एकच की वेगळं?

रंकाळाकाठ

चैत्र पौर्णिमेला सासूबाई जोतिबाला जाऊन आल्या. पंचाहत्तरी ओलांडली, गुडघे दुखतात, तरी यात्रा चुकवत नाहीत. दारात आल्या तेव्हा केसांपासून चपलेपर्यंत गुलालात होत्या. हातपाय धुवायच्या आधी पिशवीतून खोबऱ्याच्या वाट्या काढल्या, विळीवर तुकडे केले आणि घरातल्या प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवला. माझ्या मुलानं नुकतीच दहावीची परीक्षा दिली आहे. त्यानं हात मागं घेतला. म्हणाला, "आजी, मला नको. मी नास्तिक आहे."

त्या काहीच बोलल्या नाहीत. त्याच्या वाटणीचा तुकडा पदराच्या टोकाला बांधला आणि आत गेल्या. रात्री भांडी आवरताना मला हळूच विचारलं, "नास्तिक म्हंजे काय गं? देवाला शिव्या देत्यात ते?"

मला उत्तर देता आलं नाही, आणि तेव्हापासून तेच डोक्यात आहे. मी तिन्हीसांजेला देवघरात दिवा लावते. हात जोडते. पण देव आहे का, असं कुणी सरळ विचारलं तर "मला माहीत नाही" हेच माझं खरं उत्तर आहे. मुलगा म्हणतो, "आई, तू अज्ञेयवादी. म्हणजे तळ्यात-मळ्यात." ते मला लागलं. खरंच ह्या तीन गोष्टींत फरक काय? आणि अकरावीच्या प्रवेशाच्या फॉर्मवर 'धर्म' हा रकाना त्याला रिकामा ठेवायचा आहे, त्याचं काय करायचं?

काळी माती

ताई, मी शिरोळ तालुक्यात शेती करतो आणि गेली वीस-बावीस वर्षं नास्तिक आहे. आजींना पहिलं सांगा की शिव्या कुणी देत नाही. जे नाही असं वाटतं त्याला शिव्या देणार कशा?

आता तुमच्या धाग्याच्या नावातला फरक. आमच्याकडं ऊस तुटून ट्रॉली भरली की बघणारा प्रत्येकजण आकडा सांगतो. एकजण म्हणाला, "ह्यात अठरा टन हाय." गाडी काट्यावर चढली नाही तोवर मी अठरा मानत नाही. म्हणजे मी "अठरा नाहीच" असं म्हणालो का? नाही. मी फक्त त्याचा आकडा घेतला नाही. बहुतेक नास्तिक इथं उभे आहेत: देव आहे हे सांगणाऱ्यानं पुरावा द्यावा, मिळेपर्यंत मी मानत नाही. काहीजण पुढं जातात आणि म्हणतात, "देव नाहीच, माझी खात्री आहे." त्यांनी आपल्या बाजूनं आकडा सांगितला, म्हणून पुरावा द्यायची जबाबदारी त्यांच्यावरही येते. आणि अज्ञेयवादी म्हणतो की हा ऊस तोलणारा काटाच माणसाकडं नाही.

मी स्वतः दुसऱ्या प्रकाराकडं झुकलेला आहे. माझी धाकटी बहीण नऊ वर्षांची असताना तापानं गेली. घरात तेव्हा काय काय नवस बोलले गेले ते मला अजून तोंडपाठ आहे. पण म्हणून चिडून नास्तिक झालो असं नाही, कृपया कुणी तसं समजू नका. त्यानंतर बरीच वर्षं वाचलं, विचार केला, मग झालो. चिडायलासुद्धा समोर कुणीतरी असावं लागतं.

फळा-खडू

तीसेक वर्षं तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालो. 'काळी माती' यांनी काट्याचं उदाहरण फार नेमकं दिलं, वर्गात मला ते सुचलं नव्हतं. त्यालाच जोडून लिहितो.

घोटाळा होतो तो दोन प्रश्नांची सरमिसळ झाल्यामुळे. देव आहे असं तुम्ही मानता का, हा एक प्रश्न. देव आहे की नाही हे माणसाला कळू शकतं का, हा दुसरा. आस्तिक आणि नास्तिक ही पहिल्या प्रश्नाची उत्तरं आहेत. अज्ञेयवाद हे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्यामुळे 'कळू शकत नाही, तरी मानतो' असं म्हणणारा माणूस असतो आणि 'कळू शकत नाही, म्हणून मानत नाही' असं म्हणणाराही असतो. दोघेही अज्ञेयवादी, पण एक आस्तिक आणि एक नास्तिक. ताई, तुम्ही दिवा लावता आणि माहीत नाही म्हणता, यात तुमच्याकडून काही खोटेपणा होत नाही.

इंग्रजीतला 'अॅग्नॉस्टिक' हा शब्द थॉमस हेन्री हक्सले या जीवशास्त्रज्ञानं १८६९ साली घडवला. लंडनमध्ये ज्या मंडळींत तो वावरत होता, त्यांतल्या प्रत्येकाच्या मताला काहीतरी नाव होतं, त्याच्या मताला नव्हतं. ग्रीक 'ग्नो' आणि संस्कृत 'ज्ञा' हे एकाच मुळाचे, त्यामुळे आपला 'अज्ञेय' त्या शब्दाला अगदी चपखल बसतो. हक्सलेच्या मनात तो नवा पंथ नव्हता, ती एक शिस्त होती: पुरावा जिथवर नेतो तिथवर जायचं आणि त्यापुढं खात्रीची भाषा करायची नाही. बर्ट्रांड रसेलनं पुढं म्हटलं की तत्त्वज्ञांपुढे बोलताना मी स्वतःला अज्ञेयवादी म्हणेन आणि रस्त्यातल्या साध्या माणसाशी बोलताना नास्तिक म्हणेन. कारण झ्यूस आणि बाकीचे ग्रीक देव नाहीत हेही काटेकोरपणे सिद्ध करता येत नाही, पण म्हणून त्यांच्याबद्दल कुणी "सांगता येत नाही बुवा" म्हणत बसत नाही.

आता आपल्याकडचे शब्द. ही गंमत पोरांना सांगायला मला फार आवडायचं. पाणिनीच्या अष्टाध्यायीत एक सूत्र आहे, 'अस्ति नास्ति दिष्टं मतिः'. त्यावरून आस्तिक, नास्तिक आणि दैष्टिक, म्हणजे दैव मानणारा, असे तीन शब्द होतात. टीकाकारांनी त्या 'अस्ति'चा अर्थ 'परलोक आहे' असा लावला. ईश्वराचा तिथं विषयच नाही. मनुस्मृती तर नास्तिकाची व्याख्या वेदाची निंदा करणारा अशी करते. म्हणून सांख्य आणि पूर्वमीमांसा ही दर्शनं जगाचा कर्ता ईश्वर न मानताही आस्तिक गणली गेली, कारण वेद त्यांना प्रमाण होता. चार्वाक, बौद्ध आणि जैन नास्तिकांत गेले. आज आपण बोलताना नास्तिक म्हणतो तो खरा 'निरीश्वरवादी'. शब्द तोच राहिला, प्रश्न बदलला.

आणखी एक, कोल्हापूरशी नातं असलेलं. मराठीत अज्ञेयवादाची बाजू निर्भयपणे मांडणाऱ्यांत गोपाळ गणेश आगरकरांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. ते आणि टिळक १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. ते प्रकरण आपल्याच संस्थानचं, दिवाण बर्व्यांवर केलेल्या लिखाणाचं होतं.

महाद्वारची सावली

सर, माहिती वाचून आनंद झाला. पण मी आस्तिक आहे आणि मला वाटतं, तुमच्या दोन्ही प्रश्नांत माझं उत्तर मावत नाही.

मी मोजणीच्या कामात आयुष्य घालवलं. अंबाबाईचा किरणोत्सव लहानपणापासून बघतोय. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि नंतर ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. दोन्ही तारखा २१-२२ डिसेंबरपासून मोजा, दोन्हीकडं जवळपास सारखेच दिवस भरतात. दोन्ही वेळी सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण सतरा अंशांवर असतो, म्हणून मावळताना तो आकाशाच्या एकाच ठिकाणी येतो आणि त्याची किरणं महाद्वारातून सरळ गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख. हे मला कुणी शिकवायला नको, कोन मी स्वतः काढून बघितला आहे. ढग आले किंवा वाटेत बांधकाम आलं की किरणं पोचत नाहीत, हेही बघितलं आहे. आणि तरीही ऊन मूर्तीवर चढायला लागलं की माझ्या डोळ्यांत पाणी येतं. त्यात चमत्कार नाही हे ठाऊक असून येतं.

'काळी माती', तुम्ही उसाच्या वजनाचं बोललात. मी वजन सांगतच नाही हो. मी गुऱ्हाळावर रस पिऊन आलेला माणूस आहे. देव आहे, हे माझ्या लेखी सिद्ध करायचं विधान नाही. आई आहे असं आपण 'मानत' नाही, आपण तिच्याकडं जातो. माझं अंबाबाईशी तसं आहे.

काळी माती

काका, रस गोड लागला हे मी खोटं म्हणत नाही आणि म्हणणार नाही. पण तुमच्या डोळ्यांतलं पाणी तुमच्याबद्दल सांगतं. तुमच्या मनात केवढं प्रेम आहे, आईवडिलांबरोबर तिथं उभं राहिल्याच्या किती आठवणी आहेत, ते सांगतं. गाभाऱ्याबाहेर, सगळं जग चालवणारं कुणी आहे का, हे त्यावरून कळत नाही. आपली आई आपल्याला हाक मारते, रागावते, आजारी पडते. तिच्या असण्याबद्दल शंका घ्यायची वेळच येत नाही. दोन्हींत मला हा फरक दिसतो.

महाद्वारची सावली

दिसू दे. तुमचं म्हणणं कळलं, आणि ज्या आदरानं लिहिलंत तो पोचला. मला मात्र हाक ऐकू येते. तुम्हाला ती ऐकवायची कशी, ते मला जमणार नाही.

बाहुबलीची पायरी

आमच्या घराकडं बघून माझे मित्र नेहमी गोंधळतात, म्हणून लिहिते. आम्ही जैन. रोज सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात जातो, घरात अभिषेकाला उशीर झालेला चालत नाही, पर्युषणात आजोबा पाण्यावर राहतात. पण जग निर्माण करणारा, चालवणारा, नवसाला पावणारा ईश्वर आमच्या दर्शनात नाही. तीर्थंकर कुणाला काही देत नाहीत. ते स्वतः कर्मातून सुटले, वाट दाखवून गेले. आम्ही वंदन करतो ते त्यांच्या गुणांना. म्हणजे सरांनी सांगितलेल्या जुन्या हिशेबात आम्ही नास्तिक आणि शेजाऱ्यांच्या डोळ्यांना गल्लीतलं सगळ्यात धार्मिक घर.

आमच्या दर्शनातल्या स्याद्वादाला, म्हणजे कुठलंही विधान कुठल्या बाजूनं ते सांगून करायच्या रीतीला, काहीजण अज्ञेयवाद समजतात, तेही बरोबर नाही. 'स्यात्' म्हणजे 'कोण जाणे' असा अर्थ नाही. 'एका अपेक्षेनं' असा आहे. एका बाजूनं पाहिलं तर आहे, दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर नाही, एकदम सगळं सांगायला गेलं तर शब्दांत सांगता येत नाही. अशा सात रीती आहेत. त्यात प्रत्येक विधान ठामपणे केलेलं असतं, फक्त कुठल्या बाजूनं ते आधी सांगायचं.

रात्रपाळी

'तळ्यात-मळ्यात' हा शब्द वाचून राहवलं नाही.

मी अतिदक्षता विभागात नर्स आहे. पहाटे तीन-साडेतीनला नातेवाईक काचेच्या दारापाशी येतात आणि एकच विचारतात, "सिस्टर, वाचतील ना?" नोकरीच्या पहिल्या वर्षी मी "हो हो, काळजी करू नका" म्हणायचे. ते सगळ्यांत सोपं उत्तर होतं. एका मावशींना असं सांगितलं आणि सकाळी सहाला त्यांच्या यजमानांवर चादर ओढायला मीच होते. त्या माझ्याकडं नुसत्या बघत राहिल्या. त्यानंतर मी "माहीत नाही मावशी, आम्ही सगळं करतोय" एवढंच म्हणते. हे वाक्य तोंडातून काढायला जेवढं बळ लागतं तेवढं दुसऱ्या कुठल्याच वाक्याला लागत नाही.

देवाबद्दल माझं तेच आहे. ज्यांना खात्री आहे अशी माणसं मी दोन्ही बाजूंची बघितली, अंगारा लावणारीही आणि अंगारा पुसायला लावणारीही. मला खात्री नाही, आणि ती असल्यासारखं दाखवायला मला जमत नाही. त्याला तळ्यात-मळ्यात म्हणू नये. त्या खेळात दोन्हीकडं उड्या मारायच्या असतात. मी एकाच जागी उभी आहे.

फळा-खडू

'रात्रपाळी' यांच्या लिहिण्यानंतर मी काही बोलणं खरं तर जास्तच होईल, पण एक राहिलं होतं.

'माहीत नाही'चेही प्रकार असतात आणि जुन्या लोकांनी ते ओळखले होते. बुद्धाच्या काळात संजय बेलट्ठिपुत्त नावाचा आचार्य होता. परलोक आहे का, असं विचारलं की तो म्हणे, मी आहे म्हणत नाही, नाही म्हणत नाही, तसंही म्हणत नाही, वेगळंही म्हणत नाही. अशा उत्तराला बौद्धांनी हातातून निसटणाऱ्या माशाची उपमा दिली. मुलगा ज्याला तळ्यात-मळ्यात म्हणतो, ते हे. स्वतः बुद्धही जग शाश्वत आहे की नाही अशा प्रश्नांना उत्तर देत नसे, पण त्याचं कारण निराळं होतं. विषारी बाण लागलेला माणूस, बाण कुणी मारला, धनुष्य कसलं होतं हे कळेपर्यंत उपचार करून घेणार नाही म्हणाला, तर तो मरून जाईल. प्रश्नाला उत्तर आहे की नाही यापेक्षा त्या उत्तरानं दुःख कमी होतं का, हे त्याला महत्त्वाचं होतं. हक्सलेचं 'माहीत नाही' पुराव्याशी प्रामाणिक राहण्यासाठी आहे.

आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळातलं १२९वं सूक्त, नासदीय. ही सृष्टी कुठून झाली, कुणी केली की नाही केली, हे परम व्योमात बसलेला तिचा जो अध्यक्ष आहे त्याला ठाऊक असेल. किंवा त्यालाही ठाऊक नसेल. सूक्त तिथंच संपतं. ताई, मुलाला एकदा हे वाचून दाखवा.

सत्यशोधक घर

माझे पणजोबा सत्यशोधक. आमच्याकडं चार पिढ्या भटजींशिवाय लग्नं लागली. लोकांना वाटतं आम्ही नास्तिक. अजिबात नाही. जोतीराव फुल्यांनी जगाच्या कर्त्याला 'निर्मिक' म्हटलं आणि निर्मिक व त्याच्या लेकरांत मधला दलाल नको म्हटलं. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पाठिंब्यानं १९११ साली सत्यशोधक समाज उभा राहिला, त्याच्या आधी वेदोक्त प्रकरण, म्हणजे महाराजांचे विधी वेदमंत्रांनी करायला भटजींनी दिलेला नकार, होऊन गेलं होतं. ती भांडणं देव आहे का यावर नव्हती, देवापाशी जायचा हक्क कुणाला यावर होती.

तसंच अंधश्रद्धा निर्मूलनाचं. दाभोलकरांनी कायम सांगितलं की समिती देवाधर्माच्या विरोधात नाही, देवाच्या नावावर होणाऱ्या शोषणाच्या विरोधात आहे. समितीत देव मानणारे कार्यकर्तेही होते आणि आहेत. तरी २० ऑगस्ट २०१३ ला त्यांना पुण्यात मारलं. आपल्या गावात १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून घरी परतणाऱ्या पानसरे अण्णांवर गोळ्या झाडल्या, २० तारखेला ते गेले. त्या आठवड्यात आमच्या घरात चूल पेटवायचंही कुणाला सुचत नव्हतं. म्हणून हे शब्द नीट समजून घ्यायला हवेत असं मला तळमळून वाटतं. कोण काय म्हणतोय हे ऐकायच्या आधीच आपल्याकडं माणसावर शिक्का बसतो.

भवानी मंडप

फॉर्मचं सांगतो, वकिली करतो. घटनेच्या २५व्या कलमानं सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य दिलं आहे आणि त्यात धर्म न मानणंही येतं. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की धर्म जाहीर करायची सक्ती सरकारला कुणावर करता येणार नाही आणि 'माझा कोणताही धर्म नाही' असं म्हणायचा नागरिकाला हक्क आहे. २०११च्या जनगणनेत धर्म न सांगितलेल्यांची संख्या २८ लाखांच्या वर होती, तेव्हा तुमचा मुलगा एकटा नाही.

फक्त एक. जातीच्या दाखल्यावर प्रवेश किंवा सवलत घ्यायची असेल तर आत्ताच रकाना कोरा सोडू नका, आधी कागद घेऊन कुणा वकिलाला भेटा. आणि नास्तिक असणं व कुठल्याच धर्माचं नसणं हेही एक नाही. घरात निरीश्वरवादी असलेली कितीतरी माणसं कागदावर हिंदू आहेत आणि त्यात त्यांना काही अडचण वाटत नाही.

रंकाळाकाठ

उशिरा लिहितेय, माफ करा. तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं मी दोनदा वाचलं. रविवारी जेवणं झाल्यावर मुलगा आणि सासूबाई दोघांना ताटांपाशीच बसवून घेतलं आणि सरांचे दोन प्रश्न विचारले.

मुलगा म्हणाला, मानत नाही. कळू शकतं का, यावर बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "नाही कळणार बहुतेक."

सासूबाईंना मानता का विचारायची गरजच नव्हती. दुसरा प्रश्न विचारला, देव आहे हे तुम्हाला नक्की ठाऊक आहे का? मला वाटलं रागावतील. त्यांनी बोटानं ताटातली शितं गोळा केली आणि म्हणाल्या, "मला कुठनं ठावं असणार? मी काय वर जाऊन आलीया? तुझ्या आज्ज्या सासूबाईंनी डोंगर दावला, तवापास्नं जातीया. गेलं की बरं वाटतं. न्हाय गेलं की चुकल्यागत हुतंय."

मुलगा त्यांच्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "आजी, म्हणजे तुलापण माहीत नाही?" त्या म्हणाल्या, "न्हाय की."

खोबऱ्याचा तुकडा अजून त्यांच्या पेटीत आहे, गुलालानं कागद लाल झालाय. त्यांनी तो परत पुढं केला नाही आणि त्यानं मागितला नाही. पण श्रावण षष्ठीला त्यांना पुन्हा डोंगरावर जायचं आहे आणि एसटीनं एकटीनं पाठवायला माझा जीव होत नाही. तो म्हणाला, मी येतो, पिशवी धरतो, पण हात जोडणार नाही. त्यावर त्यांची एकच अट होती, गाभाऱ्यापर्यंत सोबत यायचं, बाहेर थांबायचं नाही.

आता तो मला विचारतोय, हात न जोडता आत नुसतं उभं राहिलं तर बाकीच्यांना वाईट वाटेल का? 'काळी माती', तुम्ही घरच्यांबरोबर देवळात जाता तेव्हा काय करता?

काळी माती

हात मागं बांधून नका उभं राहू म्हणावं, ते उर्मट दिसतं. मी आईचा हात धरतो. गर्दीत तिला आधार लागतो आणि माझे हात त्यातच असतात.